दुधाचा सुळा

बसल्या जागी पाय हलवायची सवय मला चेन्नईत लागली. टेबलाशी बसलं की उजवा गुडघा आपोआप नाचायला लागायचा आणि समोरच्या टेबलावरचा पेन्सिलींचा डबा खुळखुळायचा. त्या टेबलावर बसणारे वयस्कर गृहस्थ चष्म्यावरून बघून म्हणायचे, "अम्मा, भूकंप येतो आहे." मी तेवीस वर्षांची होते आणि कुणी मला अम्मा म्हटलेलं मला मुळीच आवडत नसे. तिकडे लहान मुलीलाही अम्मा म्हणतात, हे कळल्यावरही आवडलं नाही.

दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली ही गोष्ट. परदेशी प्रकाशकांची पाठ्यपुस्तकं तयार करून देणाऱ्या एका कंपनीत मी चित्रकार म्हणून लागले होते. लेखक तिकडून कच्ची रेखाटनं पाठवायचे, आम्ही ती ट्रेसिंग पेपरवर नीट काढायचो आणि मग ती कॉम्प्युटरवर चढायची. माझा चुलतभाऊ चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैला मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात होता. त्यानंच पेपरातली जाहिरात कापून सांगलीला पाठवली होती. वडिलांनी मला सहा महिने दिले होते. सहा महिन्यांत नोकरी पक्की झाली तर राहा, नाहीतर मुकाट्यानं परत ये, मग आम्ही म्हणू तिथं लग्न. मुकाट्यानं हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. त्यामुळे हॉस्टेलच्या कॅलेंडरवर मी रोज एक चौकोन खोडत होते आणि माझा गुडघा त्या हिशेबानं हलत होता.

समोरचे गृहस्थ आमचे चेकर. ऑफिसात सगळे त्यांना 'सार', म्हणजे सर, म्हणत, म्हणून मीही म्हणे. एका शाळेत पस्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते आणि इथे वर्षावर्षाच्या करारावर काम करत होते. पहिल्या दिवशी मी फोनवर आईशी बोलत असताना त्यांनी मान वर केली, फोन ठेवेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "मीही मराठीच हो. तंजावरचा." त्यांचं मराठी ऐकून मला हसू आलं होतं. जुन्या बखरीतून उठून आलेला माणूस मध्येच तमिळ हेल काढतो आहे असं वाटायचं. बायको गेल्यापासून घरात मराठी बोलणारं कुणी उरलं नव्हतं. मुलगा-सून तमिळमध्ये बोलत, नातवंडं इंग्रजीत. "आतां तुम्हांपाशीं काय चार वाक्यें होतील तीं," असं ते म्हणाले होते. मला ते तेव्हा ओझंच वाटलं.

कामाची पद्धत अशी होती. मी काढलेली आकृती सारांकडे जायची. ते ती लेखकाच्या कच्च्या रेखाटनाशी ताडून बघत आणि शंका आली तिथं हिरव्या पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढत. मग खाली कोपऱ्यात सही. त्या प्रश्नचिन्हाचं पुढं काय करायचं, ते माझं काम. इंग्रजीत शंकापत्रक भरायचं, ते लेखकाला पाठवायचं आणि उत्तराची वाट बघायची. सार पेन्सिल इतकी दाबून चालवत की कागदाला खाच पडे. "सार, कागद फाटेल," मी म्हणायचे. ते म्हणायचे, "शाळेंत मागच्या बाकावरून दिसावें लागे." तपासून झालेला कागद उलटा करून त्यावरून एकदा अंगठा फिरवायचा, ही त्यांची आणखी एक सवय. आपण काय काय लिहिलं ते अंगठ्यानं वाचल्यासारखं.

माझ्या पाचव्या महिन्यात खड्गदंती मांजरांचा पाठ आला. वरच्या जबड्यातून तलवारीसारखे लांब सुळे खाली आलेले ते नामशेष प्राणी. अकरा आकृत्या होत्या. मी त्यांना वाघ म्हणत होते, तर सारांनी पहिल्याच दिवशी अडवलं. हे वाघ नव्हेत, वाघाचे पूर्वजही नव्हेत. मांजरांच्या कुळातली ती वेगळीच फांदी, वाढली आणि खुंटली. पहिली आकृती वंशवृक्षाची होती आणि तिनं मला चक्रावून टाकलं. लांब सुळे एकाच फांदीवर असतील असं मी धरून चालले होते, तर ते झाडभर विखुरलेले. एकमेकांशी दूरचंच नातं असलेल्या प्राण्यांत, लाखो वर्षांच्या अंतरानं, पुन्हा पुन्हा तसेच सुळे आलेले. दक्षिण अमेरिकेत तर एक असा होता की तो मांजर नव्हेच, पिशवीत पिल्लं वाढवणाऱ्यांचा भाऊबंद. त्याचे सुळे जन्मभर वाढत राहायचे आणि ते सांभाळायला खालच्या जबड्याला हाडाच्या म्यानासारखे दोन पडदे.

"एवढें पुन्हा पुन्हा करून पाहिलें," सार म्हणाले, "आणि प्रत्येक वेळीं सगळे संपले."

तिसरी आकृती जबड्याची. ती मी तीनदा काढली आणि तीनदा चुकली. एवढे लांब सुळे असलेलं तोंड मी सिंहाइतकंच उघडलं होतं. मग सुळ्याच्या टोकात आणि खालच्या दातांत जागाच राहीना, बिचारा चावणार काय? खरं तर तो सिंहाच्या जवळजवळ दुप्पट तोंड उघडत असे. तेवढं उघडायचं म्हणजे जबड्याचे स्नायू लांब आणि मागं सरकलेले हवेत, आणि मग चाव्याची ताकद कमी होते. म्हणजे भयंकर दिसणाऱ्या या जनावराचा चावा सिंहापेक्षा कमजोर! सगळी भिस्त मानेवर आणि पुढच्या पायांवर. आधी पंजांनी सावज दाबून धरायचं, हलू द्यायचं नाही, मग मानेच्या जोरानं सुळे गळ्यात उतरवायचे. कारण सुळा आडवा कापला तर चपटा, सुरीच्या पात्यासारखा, कडेला बारीक दाते. पुढून मागं मजबूत, पण बाजूनं हिसका बसला किंवा हाडावर आपटला तर मोडायचा.

हे मला समजेना तेव्हा सार म्हणाले, रविवारीं वंडलूरला चला, सिंहाची जांभई पाहूं. मी गेले, कारण हॉस्टेलमध्ये रविवार खायला उठायचा. प्राणिसंग्रहालयात सिंह खंदकापलीकडे झाडाखाली झोपला होता. सार छत्री टेकून उभे राहिले. अर्धा तास गेला, एक तास गेला. माझे पाय वळवळायला लागले. ऊन मी म्हणत होतं. "सार, तो काही जांभई देत नाही," मी म्हटलं. "देईल. थांबावें लागतें," ते म्हणाले. दुसरा तास संपत आला तेव्हा मी तिखटमीठ लावलेल्या कैरीच्या फोडी आणते म्हणून सटकले. परत आले तर सार हसत होते. सिंहानं दोनदा जांभई दिली होती. त्यांनी छत्रीच्या मुठीवर हात उघडून मला कोन दाखवला. "एवढा. आतां तुम्ही याच्या दुप्पट काढा." ती आकृती मग बरोबर आली. पण प्रत्यक्ष पाहिलं ते त्यांनी.

आता नववी आकृती. ती खड्गदंतीच्या पिल्लाच्या कवटीची होती. लेखकाच्या कच्च्या रेखाटनात प्रत्येक बाजूला सुळ्याच्या जागी दोन रेघा होत्या, एक बारीक, एक जाड, एकमेकींना लागून. तो लेखक पेन्सिलीनं भराभरा काढणारा होता. त्याच्या सगळ्याच रेघा दुहेरी असत आणि त्यातली बरोबर ती निवडून एक स्वच्छ रेघ काढायची, हे तर आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं. दुहेरी दिसलं की एक करा. मी हात चालवला आणि प्रत्येक बाजूला एकच सुंदर सुळा काढला. मला तो फार आवडला होता, हेही सांगून टाकते.

सारांनी तो कागद परत दिला तेव्हा सुळ्याशेजारी हिरवं प्रश्नचिन्ह होतं. आणि त्यापुढे देवनागरीत: 'दोन?' खाली त्यांची सही.

त्या आठवड्यात मॅनेजर मॅडमनी मला बोलावून सांगितलं होतं की तुमच्या नावावर शंका फार जातात, क्लायंट वैतागला आहे. महिन्याच्या अहवालात शंकांचा आकडा असतो आणि तुमचा अहवाल आता कन्फर्मेशनसाठी वर जाणार आहे. शंका सगळ्या सारांच्या, आकडा माझ्या नावावर! चीड आली ती त्या म्हाताऱ्याची. याला काय, बसून प्रश्नचिन्हं काढायची, सांगलीला परत मला जावं लागणार. कॅलेंडरवर सतरा चौकोन उरले होते. सार जेवणाचा डबा धुवायला गेले होते. मी खोडरबर घेतलं, प्रश्नचिन्ह आणि 'दोन?' पुसून टाकलं, चुरा फुंकला आणि कागद पुढच्या खात्यात दिला. सही होतीच. एवढंच केलं. अर्ध्या मिनिटाचं काम.

पुढचे काही दिवस मी मजेत होते, हे लिहायला लाज वाटते, पण होते. मग पाठाची पहिली प्रुफं लेखकाकडे गेली आणि त्याचं पत्र आलं. सभ्य इंग्रजीत तो भडकला होता. नवव्या आकृतीचा सगळा मुद्दाच तुम्ही पुसलात, असं त्यानं लिहिलं होतं. या पिल्लांना आधी दुधाचे सुळे यायचे, तेही लांब. मग नवा सुळा त्याच्या शेजारून उतरायचा आणि बराच काळ दोन्ही बरोबर असायचे. एकेका बाजूला दोन, असे चार सुळे तोंडात घेऊन पिल्लू फिरायचं. जुना लगेच पडत नसे. हेच दाखवण्यासाठी त्यानं आकृती दिली होती, आणि आम्ही तिची साफसफाई केली होती.

मॅडमनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. टेबलावर मूळ ट्रेसिंग पेपर होता. सही आहे, शंका नाही. पद्धतीप्रमाणे चूक चेकरची ठरत होती. चित्रकार चुकणारच, म्हणून तर चेकर. मॅडम तमिळमध्ये सारांना विचारत होत्या, तुम्ही जीवशास्त्राचे शिक्षक ना, तुम्हाला हे दिसलं नाही? त्यांचा करार पुढच्या महिन्यात संपत होता, तो पुढं वाढवायचा की नाही हे त्याच ठरवणार होत्या. माझा कन्फर्मेशनचा कागदही त्यांच्याच टेबलावर होता.

सारांनी काही न बोलता तो कागद हातात घेतला, उलटा केला आणि त्यावरून अंगठा फिरवला. सुळ्याजवळ आल्यावर अंगठा थांबला. मागंपुढं झाला. पुन्हा थांबला. पेन्सिल पुसली जाते, खाच पुसली जात नाही. माझा गुडघा त्या वेळी पहिल्यांदाच हलायचा थांबला होता. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि सावकाश म्हणाले, "मरंदुपोच्चु." विसरून गेलं. एवढंच. मग ते गप्प राहिले. पंखा फिरत होता. सार माझ्याकडेच बघत होते आणि मी टेबलाच्या कडेचा निघालेला सनमायका बघत होते. मी मूग गिळून बसले.

त्यांचा करार वाढवला नाही. माझं कन्फर्मेशनचं पत्र आलं. वडिलांना फोन केला तर ते म्हणाले, "बरं," आणि आईकडे फोन दिला.

शेवटच्या महिन्यात सार रोज यायचे तसेच आले. रोज सकाळी "काय अम्मा," म्हणायचे, जेवणाच्या वेळी डबा उघडून थोडा वेळ तसेच बसायचे, जाताना टेबलाशी जरा रेंगाळायचे. मला वाटायचं, म्हातारा किती मोठ्या मनाचा आहे, एका शब्दानं बोलला नाही. दुरुस्तीची आकृती माझ्याकडेच आली. मी बाजूला दोन-दोन असे चार सुळे काढले. काढता काढता मला एक कल्पना सुचली. नवा सुळा कच्चा असतो, मुळाशी अजून रुजलेला नसतो. बाजूनं हिसका बसला तर मोडेल. तोवर जुना त्याला शेजारी उभा राहून धरून ठेवत असेल, आणि नवा पक्का झाला की स्वतः पडून जात असेल. लेखकाच्या टिपणात असं काही नव्हतं, हे माझंच. पण ती कल्पना मला फार भावली. तिच्यामुळे मला झोप लागू लागली. निसर्गातच असं असतं म्हटल्यावर माझ्याकडे काय दोष राहतो? सार गेले त्या दिवशी मी त्यांना पायाला हात लावून नमस्कार केला. ते थोडा वेळ थांबले आणि मग जिना उतरले.

त्यांचं टेबल मला मिळालं. तिथून समोर एक नवी मुलगी बसायला लागली. पण चुटपुट काही जाईना. पाय पुन्हा हलायला लागले, आता तर चालत्या बसमध्येही. दुरुस्त आकृतीसह पुस्तकाच्या छापील प्रती आल्या तेव्हा मी एक प्रत मागून घेतली आणि रविवारी मैलापूरला त्यांच्या घरी गेले. आठ महिने झाले होते.

दार सुनेनं उघडलं आणि तमिळमध्ये आत हाक दिली. सार खिडकीशी बसले होते. मला बघून उठायला लागले, चष्मा शोधायला लागले. "या, या. बसा," आणि मग थोडं अडखळून, "किती दिवसांनीं बोलतों आहें, जीभ वळत नाहीं." ते ऐकून मला रडू यायला लागलं. सुनेनं कॉफी आणून ठेवली आणि ती आत गेली. मी पुस्तक त्यांच्या हातात दिलं आणि घाईघाईनं, पाठ केल्यासारखं बोलून टाकलं. "सार, तुमचं प्रश्नचिन्ह मी पुसलं होतं."

"ठाऊक आहे."

"तुम्ही मला सांभाळून घेतलंत. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. तुम्ही माझ्यासाठी..."

"इल्लै, इल्लै," ते म्हणाले. नाही, नाही. आवाज चढला नव्हता, पण शिक्षकाचा होता. "तुम्हांसाठीं नव्हे. मरंदुपोच्चु म्हटलें तें मॅडमला नव्हे, तुम्हांस म्हटलें. म्हटलें, आतां ही पोर बोलेल. म्हणून गप्प राहिलों. त्या दिवशीं नाहीं बोललांत. सरि, बरें, भ्याली असेल. मग महिनाभर रोज आलों. आज बोलेल, उद्यां बोलेल. शेवटल्या दिवशीं तुम्ही पायां पडलांत, तेव्हांही वाटलें, आतां."

मला वंडलूरचा खंदक आठवला. छत्री टेकून उभे असलेले सार, आणि मी कैरीच्या फोडी आणायला गेलेली. क्षमा केली असं ते म्हणाले नाहीत, केली नाही असंही म्हणाले नाहीत. त्यांनी पुस्तक उघडून नववी आकृती काढली, चष्मा वर सरकवला आणि बोटानं सुळे मोजले. चार. "बरोबर काढलेंत," ते म्हणाले. मग बराच वेळ ते चित्र बघत राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते वर्गातलं कुतूहल आलं. "पण अम्मा, जुना लगेच पडत कां नसेल हो? शेजारीं कशाला राहतो?"

मला बोलायला काहीतरी मिळालं म्हणून मी पटकन म्हटलं, "नवा कच्चा असतो ना सार. तो मोडू नये म्हणून जुना त्याला धरून ठेवतो."

"कोणीं म्हटलें? ह्यांत लिहिलें आहे?"

"नाही. मला वाटतं."

त्यांनी पुस्तक माझ्याकडे वळवलं. खिडकीच्या कट्ट्यावर नातवंडांच्या वह्या होत्या, त्यांच्यावर एक हिरवी पेन्सिल पडली होती. ती त्यांनी उचलून माझ्यासमोर ठेवली.

"मग तिथें प्रश्नचिन्ह घाला," ते म्हणाले.

मी सुळ्याशेजारी समासात प्रश्नचिन्ह काढलं. ते बघत होते, म्हणून पेन्सिल दाबून चालवली. मग गार झालेली कॉफी प्याले आणि हॉस्टेलकडे जाणारी मांबलमची बस पकडायला निघाले.